कॅसेटवाला टीव्ही गेम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या टीव्ही गेमच्या दुरुस्तीबद्दल प्रश्न मागवले, तेव्हा इंदूर आणि आसपासहून आलेल्या बऱ्याच पत्रांत एक वाक्य सारखं होतं: ‘दुकानावर दाखवला, ते म्हणाले चिप गेली.’ या यंत्रांत चिप क्वचितच जाते. बिघाड बहुतेक वेळा तीनच जागी सापडतो: कॅसेट जिथे खाचेत टेकते तिथे, वीज आत येते तिथे, किंवा रिमोटच्या वायरीत. म्हणून पुढची उत्तरं बाहेरून आत जाणारी आहेत. मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) हातात घेतल्याशिवाय कावीळ झालेल्या डबड्यावर ‘चिप गेली’चा शिक्का मारू नये.

नव्वदच्या दशकातला सेट आहे, समुराई आणि मीडिया या ब्रँडांच्या जमान्यातला. कॅसेट लावली की कधी नुसता करडा पडदा, कधी चित्राच्या जागी अक्षरांचा आणि चौकोनांचा खिचडा. फुंकर मारून पाच-सहा वेळा दाबली की चालते. एका कॅसेटला तर आवाजच नाही. — एक वाचक, रामबाग

फुंकरीने काही होत नाही. चालते ती कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे, कारण दरवेळी पिना थोड्या वेगळ्या जागी घासून टेकतात. फुंकरीतून जाते ती वाफ आणि थुंकी, आणि तिनेच पुढे तांब्यावर हिरवं धरतं. ही सवय आजपासून बंद करा.

आधी बिघाड वाचायला शिका. आपल्याकडे आलेले बहुतेक सेट १९८३ साली जपानात निघालेल्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या नकला आहेत, म्हणून कॅसेटला ६० पिना असतात, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०. कॅसेटमधल्या पाटीच्या (सर्किट बोर्डच्या) रुंदीतल्या एका अर्ध्या भागात प्रोग्रामच्या तारा असतात आणि दुसऱ्या अर्ध्या भागात चित्राच्या. पडदा एकरंगी राहून गेम सुरूच होत नसेल, तर प्रोग्रामच्या बाजूला संपर्क नाही. गेम चालतोय, संगीत वाजतंय, पण चित्रांचा खिचडा झालाय, तर चित्राच्या बाजूच्या पिना मळल्यात. आणि आवाजाचं गुपित असं, की फॅमिकॉममध्ये आवाज यंत्रातून थेट टीव्हीकडे जात नाही. तो ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये शिरतो आणि ४६ नंबरच्या पिनेतून परत येतो. जपानी कंपन्यांना कॅसेटमधूनच जादा वाद्यं मिसळता यावीत म्हणून ही सोय होती. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना एकमेकींना नुसत्या जोडलेल्या असतात. एका रांगेतल्या अगदी मधल्या या दोन पिना मळल्या, की चित्र उत्तम आणि आवाज गायब. तुमच्या मुक्या कॅसेटचं निम्मं निदान इथेच झालं. काही स्वस्त नकलांत मात्र हा फेरा यंत्राच्या पाटीवरच बंद केलेला असतो. तुमच्या सेटवर बाकी कॅसेट बोलतात आणि एकच मुकी आहे, तेव्हा आधी याच दोन पिना पुसा.

आता सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्क्यांचं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ते ‘आयपीए’ नावाने मिळतं. जेल रोडवर पाटी धुवायचं आयपीए मागितलं तरी कळतं. हातावर चोळायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते पिनांवर चिकट थर सोडतं. कान साफ करायच्या कापसाच्या काडीचं टोक बुडवून पिळा आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे कॅसेट आत-बाहेर सरकते त्याच दिशेने घासा. आडवं घासलं तर कापसाचे धागे पिनांच्या कडांना अडकतात. काडी काळी झाली की दुसरी घ्या. काडी पांढरी परत येईपर्यंत दोन्ही बाजू करा, मग दहा मिनिटं वाळू द्या.

एवढ्यानेही काळपटपणा गेला नाही, तर शाळेतलं मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा आणि चुरा झटकून पुन्हा आयपीए लावा. शाईसाठीचं खरखरीत, करडं टोक असलेलं रबर घेऊ नका. अस्सल कॅसेटवर सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो एकदा निघाला की खालचं धातू दर पावसाळ्यात काळवंडतं. पॉलिश पेपर आणि पितळ घासायचं पॉलिश यांना तर हातही लावू नका. पॉलिशमधली बारीक भुकटी खाचेत जाऊन बसते आणि कॅसेटपेक्षा यंत्राचंच नुकसान जास्त करते. बिजागरीला मारायचा तेलाचा स्प्रेही नको, त्याच्या थरावर धूळ चिकटते.

नुसती कॅसेट पुसून खाच तशीच ठेवली, तर पुसलेली कॅसेट पहिल्याच दाबात परत मळते. विजेची पिन काढून ठेवा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीच्या पुठ्ठ्याभोवती जुन्या धोतराचं किंवा चष्मा पुसायचं एक पदरी कापड गुंडाळा, आयपीएने ओलसर करा आणि खाचेत सरळ आत-बाहेर करा. जाडी कॅसेटच्या पाटीपेक्षा किंचितही जास्त नको. जाड कापड कोंबलं की पिना कायमच्या फाकतात आणि मग कॅसेट एका बाजूला कलती ठेवल्याशिवाय चालत नाही. फाकलेली पिन बारीक सुईच्या टोकाने केसभर आत ओढता येते. पाच-सात पिना असतील तर करा. सगळ्याच सैल असतील तर ६० पिनांची, २.५४ मिलिमीटर अंतराची नवी खाच बसवावी लागेल, म्हणजे ६० डाग (सोल्डरचे जोड) काढून ६० पुन्हा द्यायचे. कथील ओढणारा पंप आणि तांब्याची जाळी दोन्ही जवळ असल्याशिवाय या कामाला हात घालू नका. घाईत पाटीवरची तांब्याची एक रिंग उखडली तर तिथून पुढे वायर ओढत बसावं लागतं.

मूळ अडॅप्टर हरवला. घरातला सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा लावला, दहा मिनिटं छान चालला, मग चित्र गेलं. थंड झाल्यावर पुन्हा चालतो. — एक वाचक, सुदामा नगर

तुमचा सेट अजून जिवंत आहे, पण १२ व्होल्ट लगेच बंद करा. आत स्क्रूने पत्र्याला आवळलेला तीन पायांचा एक भाग दिसेल, त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. तो येईल त्या दाबाचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेलं उष्णता म्हणून टाकून देतो. सेट साधारण ०.४ अँपिअर घेत असेल, तर ९ व्होल्टवर ७८०५ ला १.६ वॅट जिरवावे लागतात, १२ व्होल्टवर २.८ वॅट. नकली सेटमधला पत्रा पोस्टाच्या तिकिटाएवढा, म्हणून तो तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. सेट थंड झाल्यावर परत चालतो, हीच त्याची खूण.

९ व्होल्ट, १ अँपिअरचा आजच्या पद्धतीचा हलका अडॅप्टर घ्या. महारानी रोडवर इलेक्ट्रॉनिकच्या कुठल्याही दुकानावर मिळेल. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर या भोकात लावून उपयोग नाही. ७८०५ ला ५ देण्यासाठी निदान ७ व्होल्ट आत लागतात. जुने जड ट्रान्सफॉर्मरवाले एलिमिनेटर ९ लिहून मोकळ्यावर १२-१३ सुद्धा देतात, तेव्हा लेबलावर न जाता मोजा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अधिक-उणे. फॅमिकॉमच्या अडॅप्टरवर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं आणि त्यात मधली पिन उणे असते, आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या अगदी उलट. नकली सेटमध्ये तर दोन्ही पद्धती सापडतात. खात्री अशी करा. सेटची वीज काढा, मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा, एक टोक ७८०५ च्या पाठीच्या पत्र्याला आणि दुसरं अडॅप्टरच्या भोकातल्या मधल्या पिनेला लावा. पाठीचा पत्रा म्हणजे उणे. बीप झाली तर मधली पिन उणे, नाही झाली तर बाहेरची कडी तपासा. दोन्हीकडे बीप नसेल तर आत चार डायोडचा पूल असू शकतो. अमेरिकेतला १९८५ चा मूळ निन्टेन्डो सेट असाच आहे, तो ९ व्होल्ट एसीवर चालतो. त्याचा एसी अडॅप्टर फॅमिकॉमला किंवा नकली सेटला लावलात, तर नुकसान नक्की. सेगा कंपनीच्या १६ बिटवाल्यांनीही जपावं: मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मधली पिन उणे लागते, दुसऱ्याला अधिक. एकाच घरात दोन्ही असतील तर अडॅप्टरवर रंगीत टेप लावून ठेवा.

योग्य अडॅप्टर लावल्यावर ७८०५ च्या तिसऱ्या पायावर ४.८ ते ५.२ व्होल्ट दिसले पाहिजेत. पहिल्या पायावर ९ आहेत आणि तिसऱ्यावर शून्य, तर वीज काढून तिसरा आणि मधला पाय यांच्यात रोध मोजा. जवळजवळ शून्य ओहम आले तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, नाहीतर ७८०५ च गेला. तो काही रुपयांत येतो. बदलताना पत्र्यावरची वाळलेली पांढरी पेस्ट पुसून नवी लावा, तांदळाच्या दाण्याएवढी पुरे.

याच जागी आणखी एक खोड सापडते. पडद्यावर दोन आडवे पट्टे हळूहळू वर सरकतात आणि आवाजात ‘घूं’ येते. आतला १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा गोल कॅपॅसिटर वाळलेला असतो. तितक्याच मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टवाला लावा. पांढरा पट्टा ज्या बाजूला तो पाय उणे, हे विसरलात तर तो फुटतो.

नव्या स्मार्ट टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येतं, कधी नुसतं फिरतं. जुन्या डब्बा टीव्हीवर ठीक होतं. सेट जपानहून आलेला आहे. — एक वाचक, वडोदरा

जपानी सेट एनटीएससी पद्धतीचा: सेकंदाला ६० चित्रं आणि रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झ. आपली पद्धत पाल: ५० चित्रं आणि ४.४३ मेगाहर्ट्झ. टीव्हीला ६० पकडता आले नाहीत तर चित्र फिरतं. ६० पकडले पण रंगाची लहर ओळखता आली नाही, तर चित्र स्थिर पण काळं-पांढरं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘कलर सिस्टिम’ असेल तर ‘ऑटो’ काढून एनटीएससी निवडा. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

अँटेनाच्या वायरीने जोडला असेल तर दुसरं दुखणं आहे. जपानी फॅमिकॉम साधारण ९१ किंवा ९७ मेगाहर्ट्झवर चित्र पाठवतो आणि आवाज त्यापुढे ४.५ मेगाहर्ट्झवर. आपला टीव्ही तो ५.५ वर शोधतो. म्हणून नशिबाने चित्र सापडलं तरी आवाज खरखरतो. भारतात विकल्या गेलेल्या पाल सेटला हा त्रास नाही, ते चॅनेल ३ किंवा ४ वर मिळतात, फक्त टीव्हीत अ‍ॅनालॉग शोध चालू करावा लागतो.

पिवळी-लाल-पांढरी वायर असेल तर ती वापरा. बऱ्याच स्मार्ट टीव्हींना आता तीन भोकं नसतात, एकच ३.५ मिलिमीटरचं असतं. बाजारातल्या ३.५ च्या वायरींमध्ये चित्राची तार कुठल्या कडीवर हे एकसारखं नसतं. चित्र नाही आणि स्पीकरमधून घरघर येतेय, तर पिवळा आणि लाल प्लग आपसांत बदलून पाहा. टीव्हीला एचडीएमआयशिवाय काहीच नसेल तर छोटा कन्व्हर्टर लागेल. दुकानावर ‘एव्ही ते एचडीएमआय’ असं स्पष्ट सांगा, उलट दिशेचाही हुबेहूब तसाच दिसतो आणि अनेक जण तोच घेऊन येतात. त्याला यूएसबीतून ५ व्होल्ट लावायला लागतात. टीव्ही ‘गेम मोड’वर ठेवा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि दोष रिमोटला जातो.

यावर आमचं स्पष्ट मत: जागा असेल तर घरातला डब्बा टीव्ही भंगारात देऊ नका. ही चित्रं त्याच काचेसाठी रेखाटलेली होती.

बदकं मारायची बंदूक एलईडीवर चालत नाही. आत काय बदलावं? — एक वाचक, तिलक नगर

काही नाही. घोडा दाबला की गेम एका क्षणासाठी पडदा काळा करतो आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन अगदी त्याच क्षणी शोधतो, तोही चित्रनळीच्या चमकण्याच्या ठरावीक लयीत. एलईडी टीव्ही चित्र उशिरा दाखवतो आणि ती लय त्यात नसतेच. डब्बा टीव्हीवरही चालेना तर तिथे भिंग पुसा, ब्राइटनेस वाढवा आणि खोलीतली ट्यूब बंद करा.

रिमोटचं उजवीकडचं बटण जोरात दाबावं लागतं. दुसरा रिमोट तर कधी आपोआप उड्या मारतो, कधी बंद. दोन्ही फेकून नवे घ्यावेत का? — एक आजी, नातवासाठी, नारायण बाग

आजी, फेकू नका. दोन्हींचे आजार वेगळे आहेत आणि दोन्ही घरच्या घरी बरे होणारे आहेत.

पहिल्यात एकच बटण रुसलंय, म्हणजे रबर. मागचे स्क्रू काढा, पाटी अलगद उचला. बटणाखालच्या रबराला काळी टिकली असते, ती पाटीवरच्या दोन रेषांना जोडते. टिकली आणि रेषा आयपीएच्या काडीने एकदा हलकेच पुसा. पाटीवरच्या रेषा काळ्या, कार्बनच्या असतील तर तिथे खोडरबर अजिबात नको, रेषाच निघून येते. टिकली पुसूनही काम होत नसेल तर ती झिजली. टीव्हीच्या रिमोटची दुरुस्ती करणाऱ्यांकडे चिकटवायच्या कार्बनच्या टिकल्या मिळतात, त्यातली एक कापून लावा. पेन्सिलीचं शिसं घासायचा जुना उपाय आठवडाभर टिकतो, पाहुणे यायचे असतील तर करा.

दुसऱ्यात सगळीच बटणं वेडी झालीत, तर वायर तुटलीय. रिमोटमध्ये आठ बटणं, पण वायरीत तारा पाचच: ५ व्होल्ट, उणे, आणि तीन निरोपाच्या. आत ४०२१ जातीची चिप किंवा तिचीच नक्कल असते. यंत्र एका तारेवरून ‘आत्ताची स्थिती धरून ठेव’ सांगतं, दुसऱ्या तारेवर आठ टिचक्या मारतं, आणि तिसऱ्या तारेवरून दर टिचकीला एका बटणाचा जबाब येतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, याच क्रमाने. टिचकीची तार मधूनच तुटली की जबाब सरकतात, आणि ए ऐवजी भलतंच बटण लागतं. म्हणून उड्या.

वायर बहुतेक वेळा रिमोटच्या तोंडाशी, पहिल्या १० सेंटिमीटरमध्ये तुटते, कारण मुलं तिथूनच ओढतात आणि गुंडाळताना तिथेच मुडपते. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक-एक तार दोन्ही टोकांना तपासा आणि तपासताना वायर त्या जागी वाकवत राहा. बीप तुटली की तार सापडली. तेवढा तुकडा कापून टाका आणि पाचही तारा पुन्हा डाग द्या. कापण्याआधी फोनवर फोटो काढा, नकली सेटमध्ये तारांच्या रंगांना काही नियम नसतो. आतून वायरीला गाठ किंवा नायलॉनची पट्टी मारायला विसरू नका, नाहीतर ओढ थेट डागांवर येते.

एक धोका नातवालाही सांगा. या नकली सेटचा ९ पिनांचा प्लग आणि सेगाचा प्लग एकमेकांत बसतात, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा. बसतो म्हणून लावून पाहायचा नाही.

कॅसेटमध्ये ‘सेव्ह’ केलेला खेळ दुसऱ्या दिवशी उडतो. — एक वाचक, देवास

आतला सेल संपला. अशा कॅसेटमध्ये ३ व्होल्टचा बिल्ल्यासारखा सेल असतो, तो वीज नसताना स्मरणाच्या चिपला जागं ठेवतो. मोठ्या कॅसेटमध्ये बहुधा सीआर२०३२, हातातल्या गेमच्या छोट्या कॅसेटमध्ये सीआर२०२५ किंवा सीआर१६१६. जुन्यावर काय लिहिलंय ते वाचूनच नवा घ्या, जाडी बदलली तर झाकण बसत नाही. निन्टेन्डोच्या अस्सल कॅसेटचे स्क्रू गोल, खाचांचे असतात, त्यांना ३.८ मिलिमीटरची टोपीसारखी चावी लागते. प्लास्टिकचा पेन वितळवून चावी करायचा उद्योग करू नका, वितळलेलं प्लास्टिक खाचेतच राहतं.

सेल मागताना ‘पाय लावलेला’ मागा, म्हणजे कारखान्यातच पट्ट्या जोडलेला. साध्या सेलला थेट डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) टेकवली तर तो आतून तापून फुटू शकतो, आणि हे काम करताना तोंड नेमकं त्याच्या वरच असतं. पट्टीला डाग देतानाही तीन सेकंदांत इस्त्री उचला. जुना सेल काढताच आधीचे खेळ पुसले जातील. ते वाचवायचे असतील तर सेल काढण्यापूर्वी कॅसेट वाचणाऱ्या यंत्राने संगणकावर उतरवून घ्यावे लागतात. सेल चालू असतानाच शेजारी दुसरा जोडायची युक्ती काही जण सांगतात, पण त्यात एक घसरलेली इस्त्री पुरते.

डबा पिवळा पडलाय. पांढरा होईल का? — एक वाचक, महू

होतो, पण कायमचा नाही. या प्लास्टिकमध्ये आग धरू नये म्हणून ब्रोमीनयुक्त रसायन घातलेलं असे. ऊन आणि उष्णता यांनी प्लास्टिक पिवळं पडायला त्याचा हातभार लागतो, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एकाच सेटचं वरचं झाकण पिवळं आणि खालचं पांढरं दिसतं, त्याचं कारण दोन्ही भागांच्या मालात फरक.

औषधाच्या दुकानात ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. जास्त लागत असेल तर दवा बाजारात चौकशी करा. सेट पूर्ण सुटा करा. पाटी, स्क्रू, स्प्रिंग, स्टिकर काहीही राहता कामा नये. प्लास्टिक भांड्यांच्या साबणाने धुऊन पारदर्शक डब्यात ठेवा, पूर्ण बुडेल इतकं द्रव घाला आणि वर काचेचा वाडगा ठेवून दाबून धरा. तरंगलेला भाग डागाळतो. डबा उन्हात चार ते आठ तास ठेवा, अर्ध्या तासाने भाग उलटा करा आणि बुडबुडे झटका. झाकण घट्ट लावू नका, आत ऑक्सिजन तयार होतो आणि बंद डबा फुगून फुटतो. हातमोजे आणि चष्मा हवेतच. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवर भर दुपारी हे काम करू नका, द्रव फार तापलं की पातळ झाकण वाकतं. सकाळचं ऊन घ्या, किंवा डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस जास्त द्या. पार्लरमधलं १२ टक्क्यांचं पेरॉक्साइड क्रीम चोपडायची पद्धत सांगितली जाते. ते जिथे वाळतं तिथे पांढरे ओघळ उमटतात, आणि ते परत जात नाहीत.

लाल, निळे भाग यात घालू नका, रंग उडतो. आणि हलका पिवळेपणा असेल तर राहू द्या. पिवळ्या डब्याने गेम काही कमी चालत नाही.

‘९९९९९९ इन १’ कॅसेट बंद पडली. आतली चिप बदलून मिळेल का? — एक वाचक, उज्जैन

नाही. उघडली की काळ्या लाखेचा एक थेंब दिसेल, चिप त्याखाली थेट पाटीवर बसवलेली असते. ती गेली तर संपलं. मात्र कधीकधी लाखेची छोटी पाटी पिनांच्या मोठ्या पाटीला उभी जोडलेली असते आणि तिथले डाग तडकतात. भिंगातून पाहा, डागाभोवती बारीक गोल चीर दिसली तर इस्त्री टेकवून थोडं नवं कथील द्या. यादीत नऊ लाख नावं असली तरी खरे गेम थोडेच, बाकी त्याच गेमची नावं बदलून, पुढच्या पातळीपासून सुरू होणारी. तेव्हा फार शोक करू नका.

पावसाळ्यात सेट कसा ठेवावा? — एक वाचक, लोकमान्य नगर

झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, ५० ग्रॅम सिलिका जेलच्या पुड्यांसह. कॅसेट खाचेत अडकवून ठेवू नका, पिना तेवढ्या दबून राहतात. अडॅप्टर गुंडाळताना वायर सैल ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ होऊन चिकट पडतं. झुरळांसाठी मात्र डबा घट्टच हवा. उबदार सेट त्यांना फार आवडतो आणि त्यांची घाण पाटीवरच्या तांब्याला खाते. पावसाळा संपल्यावर बाहेर काढाल तेव्हा आधी तासभर कोरड्या खोलीत उघडा ठेवा, पिना आयपीएने पुसा आणि पहिल्यांदा पंधरा मिनिटंच चालवून ७८०५ च्या पत्र्याला बोट लावून पाहा. बोट दोन सेकंदही टेकवत नसेल तर अडॅप्टर पुन्हा मोजा.